पाचवा भोंगा

बाईंचे धाकटे दीर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतले, ते चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सकाळचा तासभर मोकळा असतो का?"

बाई भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. गेल्या अकरा वर्षांत भावोजी त्यांच्याशी एका वेळी चार शब्दांच्या वर बोलले नव्हते. गॅस संपत आलाय. दूध आत ठेवलंय. जरा जाऊन येतो. बाईंचे यजमान गेल्यापासून त्या घरात ही दोनच माणसं होती. मधल्या बोळाच्या एका बाजूला बाईंची खोली, दुसऱ्या बाजूला भावोजींची, आणि टोकाला दोघांत मिळून एक स्वयंपाकघर. भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

"असतो की," बाई म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले?"

"डावा गेलाच आहे. उजव्याचाही पडदा मधोमध झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. वर्षभर म्हणाले, कदाचित कमीच." हे सगळं त्यांनी दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं सांगितलं. "तर त्याआधी एक काम उरकायचं आहे. मला एकट्याला जमणार नाही. तुमचे हात लागतील."

बाईंच्या हातांना त्या भागात नाव होतं. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्या तरी मागच्या पडवीत त्यांचं टेबल अजून मांडलेलं होतं, आणि कोणाची कवळी हातातून पडून तडकली, की तो माणूस तोंडावर रुमाल धरून त्यांच्याच दारात यायचा. सगळे त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत. "निम्म्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

भावोजी खोलीत गेले आणि एक लांबट खोका घेऊन आले. खोक्याच्या कडा मऊ पडल्या होत्या, रंग उडाला होता, पण झाकणावरचं चित्र अजून स्पष्ट होतं. काळ्या आकाशात वर निघालेलं पांढरं अवकाशयान आणि त्याच्या बुडाशी आगीचा लोळ.

"प्लॅस्टिकचं आहे. सुटे भाग चिकटवून बनवायचं," ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाली. बनवायचं राहिलं."

"पन्नास वर्षं तुम्ही काय मुहूर्त बघत होतात?"

 भावोजी बाईंच्या कानाकडे बघत होते. हल्ली ते सगळ्यांकडे असंच बघत, कारण सरळ बघितलं की समोरच्याचा चेहराच गायब व्हायचा आणि कान तेवढे शाबूत राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर दोघं पडवीत बसली. बाईंनी टेबलावरची प्लास्टरची धूळ पुसली, दिवा जवळ ओढला आणि खोका उघडला. आतमध्ये सगळे भाग काड्यांच्या चौकटींना चिकटलेले होते. प्रत्येकापाशी बारीक आकडा होता. प्लॅस्टिक मुळात पांढरंशुभ्र असणार, आता ते पिवळट झालं होतं.

बाईंनी एक तुकडा दिव्यापाशी धरला. "ए-थ्री," त्या आपसूक बोलून गेल्या.

"काय?"

"दाताच्या रंगाचा नंबर. पन्नाशीच्या माणसाला हाच लागतो. तुमचं यान वयाला शोभेल असंच पिवळं झालंय."

भावोजी हसले. बाईंनी दचकून वर बघितलं. हा माणूस हसताना मोठ्या भावासारखा दिसतो हे त्यांच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

सोबतच्या कागदावर चित्रं होती आणि परक्या भाषेत सूचना. तो कागद घडीघडीवर फाटून पारदर्शक पट्टीने जोडलेला होता. बाईंना ती भाषा जेमतेम येत होती, पण भावोजींना कागदाची गरजच नव्हती. डोळे मिटून त्यांनी म्हणायला सुरुवात केली, "पायरी पहिली. भाग एक ते पाच. पाचही नोझल बुडाच्या तबकडीवर बसवा. मधलं आधी, मग चार कोपऱ्यांवरची."

"तुम्हाला पाठ आहे?"

"न बनवलेली वस्तू आहे. दुसरं काय करणार? वाचत बसायचो."

नोझल म्हणजे इंजिनाच्या बुडाचे ते घंटेच्या आकाराचे भाग. बाईंनी पहिल्याच मिनिटाला त्यांना भोंगे म्हणून टाकलं. भावोजींनी दोनदा दुरुस्ती केली, "नोझल," मग नाद सोडला. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. शाळेची पुस्तकं, शब्दकोश, पंचांगापासून पाकक्रियेपर्यंत जे काही छापायला येई, त्यातल्या चुका छपाईआधी शोधून काढणं हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. शब्द चुकला की त्यांना खडा लागल्यासारखं व्हायचं.

आणि पहिल्याच पायरीवर खडा लागला. भोंगे चारच निघाले. चौकटीत पाचव्याची जागा होती, पण तिथे मोडलेल्या काडीचं टोक तेवढं होतं. बाईंनी खोका उलटा केला, झटकला, कागदाच्या घड्या तपासल्या.

"शोधू नका," भावोजी म्हणाले. "मला माहीत आहे. तो नाहीये."

"माहीत होतं तर बोलायचं नाही का?"

"वाटलं, कदाचित माझी आठवण चुकीची असेल."

बाईंनी एक भोंगा बोटांत फिरवून पाहिला. कवळी बनवणाऱ्या बाईला तो म्हणजे फार तर दाढेएवढा तुकडा. त्यांनी ड्रॉवरमधून ठसा घ्यायचा लगदा काढला, दोन रंगांचे गोळे एकत्र मळले, त्यात भोंगा अलगद दाबला आणि घड्याळाकडे बघत बसल्या. लगदा रबरासारखा घट्ट झाल्यावर भोंगा सोडवून घेतला. आत त्याचा हुबेहूब साचा उरला. तोवर भावोजी तिथेच बसून होते. एरवी ते काम नसताना कुणाजवळ बसत नसत.

"हरवला कसा?" बाईंनी कवळीची पूड आणि द्रव कालवता कालवता विचारलं.

"दादाने हरवला."

दादा म्हणजे बाईंचे यजमान. बाईंचा हात चालूच राहिला.

"त्याला नोकरी लागली तेव्हा त्याने हे माझ्यासाठी आणलं. मी चौदाचा होतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी खोका उघडला. भाग कसा निघतो ते बघू म्हणून त्याने एक नोझल पिरगळून काढलं. मग आई जेवायला हाका मारायला लागली. तो म्हणाला, राहू दे, रविवारी निवांत बसू. आणि सुटं झालेलं हरवू नये म्हणून त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं." भावोजी थांबले. "हरवू नये म्हणून. शर्ट धुवायला गेला."

बाई हसल्या. शर्टाच्या खिशात ठेवून हरवलेल्या वस्तूंची यादी त्यांनाही चांगली लांबलचक सांगता आली असती. "मग रविवारी?"

"त्या रविवारी त्याला बाहेर जायचं होतं. मुलगी बघायला."

पडवीत द्रवाचा उग्र वास पसरला होता. बाईंनी उठून खिडकी उघडली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मला बघायला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी पुन्हा तुमच्याकडेच. मग खरेदी, मग लग्न. मग लग्नानंतर रविवार तुम्हा दोघांचे." भावोजी गडबडीने म्हणाले, "मी तक्रार करत नाहीये, वहिनी. तुम्ही विचारलंत म्हणून. दादा दोन-तीनदा म्हणाला, बनवून टाक की तू एकटा. पण ते त्याने आमच्या दोघांचं म्हणून आणलं होतं. एकट्याने बनवलं असतं तर ते नुसतं यान झालं असतं."

 पन्नास वर्षं बाई या माणसाला घुमा समजत आल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा हा पोरगा दारामागून बघायचा, समोर यायचा नाही. याला आपण आवडत नाही अशी त्यांनी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली, आणि पुढे ती सोडून बघायची कधी गरज पडली नाही.

"तुम्हाला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "ते रविवार तुमच्यापासून गेले, पण मलाही मिळाले नाहीत. तुमचा दादा रविवारी बारापर्यंत झोपायचा. उठून जेवायचा आणि पुन्हा झोपायचा. पहिलं वर्षभर मी नवी साडी नेसून बसायची, कुठेतरी नेतील म्हणून."

"मग खोलीचं दार लावून काय करायचात?"

"मी विणायची. ते घोरायचे."

भावोजींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. बाई लगबगीने पुढे झाल्या. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मी दाराबाहेर," ते कसंबसं म्हणाले, "पाय न वाजवता चालायचो!"

पहिला भोंगा वाया गेला, त्याच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला. दुसरा छान निघाला, कडा धारदार, आतल्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा. फक्त तो हिरडीच्या रंगाचा होता. बाईंकडे तीच पूड होती. भावोजींनी तो डोळ्याच्या कोपऱ्यासमोर धरला, इकडून तिकडे फिरवला.

"हा मला बाकीच्यांपेक्षा चांगला दिसतो," ते म्हणाले. "पण रंगवायचा. यानाला हिरड्या नसतात."

खोक्यातली गोंदाची नळी तर दगड झाली होती. बाईंनी चौकटीच्या टाकाऊ काडीवर कवळीचाच द्रव ब्रशाने लावून पाहिला. प्लॅस्टिक किंचित विरघळलं आणि दोन तुकडे असे चिकटले की ओढून निघेनात. तेव्हापासून रोज सकाळी नऊ ते दहा पडवीत काम सुरू झालं. भावोजी पायरी म्हणायचे, बाई भाग कापायच्या, कानशीने कड घासायच्या, जुळवायच्या, ब्रशाचं टोक फटीला टेकवायच्या. भावोजी जोड बोटाने तपासायचे. "इथे कड वर राहिली आहे," म्हणायचे. बाईंना काही दिसायचं नाही. भिंग लावून बघितलं की दिसायची. केसभर, पण होती.

पहिला टप्पा उभा राहिला, चहाच्या मोठ्या पातेल्याएवढा उंच. मग तासाचा दीड तास व्हायला लागला. दाराशी रुमालवाली माणसं ताटकळायची. एका सकाळी एक गृहस्थ आत डोकावले आणि तोंड झाकून बोबडं विचारते झाले, "बाई, माझे दात?"

"यानाचा सांधा सुकेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या.

तंटा झाला तो चौदाव्या पायरीवर. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये दोन गोल कडी बसवायची होती, एक अठ्ठावीस नंबरचं आणि एक एकोणतीस. दिसायला जवळजवळ सारखी.

"कागदावर आकडे उलटे छापलेत," भावोजींनी सांगितलं. "अठ्ठावीस वर जायला हवं."

"चित्रात तर खाली दाखवलंय."

"चित्र चुकलंय. सतराव्या पायरीतल्या चित्राशी ते जुळत नाही. मी चौदा वर्षांचा असताना माझ्या लक्षात आलं होतं."

"एवढ्या मोठ्या कंपनीने छापलेलं खोटं?"

"वहिनी, छापलेलं खोटं असतं यावर तर माझं पोट भरलं."

विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी भावोजींना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जायचं होतं. ते दुपारपर्यंत येणार नव्हते. बाई काम उरकून पडवीत बसल्या. कडी हातात होती, चित्र समोर होतं. चाळीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम काम केलं होतं. चिठ्ठीत लिहिलंय तसं करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, ही त्यांची शिस्त. शिवाय मनात होतं की भावोजी आल्यावर दुसरा टप्पा तयार बघून खूश होतील. त्यांनी चित्राप्रमाणे कडी बसवली, द्रव लावला, दाबून धरली. मग दुसरा टप्पा वर ठेवून पाहिला. तो बसेना. दोन्हींची तोंडं एकमेकांत जातच नव्हती.

बाईंनी घाईने कडं ओढलं. ते निघालं नाही. जोर लावला, तेव्हा कट् असा आवाज झाला आणि पहिल्या टप्प्याच्या अंगावर बोटभर लांब चीर गेली.

भावोजी एका डोळ्याला पट्टी लावून आले तेव्हा बाई बोळातच उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून डॉक्टरांचं काम बिघडलं नव्हतं असं नाही, पण ते सांगायला त्या अशा वाटेत येऊन कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"भावोजी, मी मोडलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतंत तेच खरं होतं. मी ऐकलं नाही."

भावोजींनी चपला काढल्या. "असू दे," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवायला येत, पान स्वच्छ करत, 'बरं झालंय' म्हणत आणि जात. पुन्हा चार शब्दांवर गाडी आली होती. बाईंना तर वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी त्यांनी एकटीनेच काम काढलं. बारीक करवतीने चुकीचं कडं रेषेरेषेने कापून सोडवलं. मग चिरेकडे वळल्या. चिरलेली कवळी सांधताना करतात तसंच केलं. चीर आधी दोन्ही बाजूंनी थोडी रुंद केली, कारण नुसती चिकटवली तर पुन्हा तिथेच जाते. चौकटीच्या काड्या द्रवात विरघळवून त्याच पिवळट प्लॅस्टिकची लापशी केली आणि चिरेत भरली. एक दिवस वाळू दिली. घासली, अजून घासली, शेवटी ओल्या कापडाने चमक येईपर्यंत घासली. मग भावोजींच्या दारावर टकटक केली. लग्न होऊन आल्यापासून त्या दारावर त्यांनी हात ठेवायची ही पहिलीच वेळ होती.

"बघा," म्हणून त्यांनी तो टप्पा त्यांच्या हातात दिला.

भावोजी पलंगाच्या कडेला बसले. त्यांची बोटं हळूहळू खालपासून वर गेली, पुन्हा खाली आली, एका जागी थांबली. नखाने त्यांनी तिथे दोनदा चाचपलं.

"इथे आहे," ते म्हणाले.

"काही नाहीये तिथे."

"आहे." त्यांनी अंगठा त्या जागेवरून एकदा फिरवला. "पण चालेल."

छापखान्यात त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की या माणसाच्या तोंडून 'चालेल' हा शब्द कधी निघाला नाही.

"तुमच्यावर रागावलो नव्हतो," मग ते म्हणाले. "त्या दिवशी डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यात वरचं मोठं अक्षरही मला दिसलं नाही. वर्षभर म्हणाले होते, दोन महिने झालेत. घरी येऊन तुम्ही सांगितलंत की मोडलं, तेव्हा मला वाटलं, आता कशाला. मला दिसणारच नसेल तर कुणासाठी बनवायचं?"

बाई दारातच उभ्या होत्या. आत जाऊन बसावं अशी खुर्ची होती, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. त्यांनी तो उचलून खाली ठेवला आणि बसल्या.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला पुढची पायरी माहीत नाही. ती तुम्हालाच पाठ आहे."

भावोजींनी टप्पा मांडीवर ठेवला. "पंधरावी," ते म्हणाले. "पण आधी अठ्ठावीस वर."

"अठ्ठावीस वर," बाईंनी मान्य केलं.

पुढचे तीन आठवडे काम नीट चाललं. रंग बाईंनी दिला, पांढरा आणि त्यावर काळे पट्टे. पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून भावोजींनी सांगितलेली चिकटपट्टीची युक्ती वापरली. हिरडीच्या रंगाचा भोंगा बाकीच्या चारांसारखा चंदेरी झाला. शेवटी अंगावरची अक्षरं राहिली. ती कागदावर छापलेली होती, पाण्यात सोडून अलगद सरकवायची. पण पन्नास वर्षांनी ती पाण्यात पडताच त्यांचा चुरा झाला आणि वाटीत काळ्या चुऱ्याचे ठिपके तरंगायला लागले.

"मी हाताने काढू?" बाईंनी विचारलं.

"नको. कोरंच राहू दे," भावोजी म्हणाले. "मजकूर नाही तिथे चूक नाही."

यान पुरं झालं तेव्हा ते टेबलावरून बाईंच्या खांद्यापर्यंत आलं. भावोजींना तेव्हा समोरचं काहीच उरलं नव्हतं. कडेने उजेड आणि सावल्या तेवढ्या कळत. त्यांनी उभं राहून दोन्ही हातांनी ते पाहिलं. खालचे पाच भोंगे, पंख, जाड पहिला टप्पा, मग बारीक होत जाणारी कडी, वरचा निमुळता शेंडा. "एवढं उंच असेल असं वाटलं नव्हतं," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "दादा म्हणाला असता, छान झालंय, आता जेवू या." आणि खरोखरच दोघं जेवायला बसली.

त्यानंतर महिन्याभराने अंधांच्या केंद्रातली एक शिक्षिका घरी यायला लागली. काठीने चालायचं कसं, चहा ओतताना बोट कपाच्या कडेवर कसं ठेवायचं, कपड्यांचे रंग ओळखायला खुणा कशा शिवायच्या, हे शिकवायला. भावोजी पहिल्या दिवशी तिच्याशी नीट बोलले नाहीत. मला काही येत नाही अशी सुरुवातच त्यांना मान्य नव्हती. पण शिक्षिकेचा बोळात ठेवलेल्या यानाला धक्का लागता लागता राहिला. तिने ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे आमच्या केंद्रात आणाल का एक दिवस? आमच्याकडची बरीच मंडळी यान म्हणजे काय ते फक्त ऐकून आहेत."

भावोजींनी आधी नाही म्हटलं.  संध्याकाळी भावोजी स्वतःहून म्हणाले, "नेऊ या. पण रिक्षात मांडीवर धरायला तुम्ही."

केंद्रातल्या खोलीत बारा-तेरा माणसं रांगेने उभी होती. यान मधल्या टेबलावर उभं केलं होतं. भावोजी त्याच्या बाजूला उभे राहून पायरीपायरीने सांगत होते, जसं पडवीत सांगायचे तसंच, फक्त आता आवाज मोठा होता. जोराने बोलताना त्यांचा आवाज चांगला लागतो, हेही बाईंना नव्यानेच कळलं.

रांगेत एक तिशीची बाई होती. जन्मापासून न दिसणारी, एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. तिने बुडापासून शेंड्यापर्यंत यान हातांनी पाहिलं, दोनदा पाहिलं. कुणाला न विचारता सगळे भाग मोजले.

"माणसं कुठे बसतात?" तिने विचारलं.

भावोजींनी तिचं बोट धरून शेंड्याजवळच्या बोटाच्या पेराएवढ्या शंकूवर ठेवलं. "इथे. तिघं."

"एवढ्याशा जागेत? आणि खालचं हे सगळं?"

"ते त्यांना वर न्यायला. एकेक टप्पा संपला की सुटून खाली पडतो."

"म्हणजे परत येताना फक्त एवढंच?"

"फक्त एवढंच."

ती बाई विचारात पडली. "बापरे," म्हणाली. "माझ्या सासूबाई तर दोन दिवसांच्या गावाला जायलासुद्धा असंच सामान काढतात."

सगळी खोली हसली. तिने उत्साहाने आणखी एकदा खाली हात नेला, आणि काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज आला. हसणं थांबलं. तिच्या चिमटीत एक पंख आला होता.

"माझ्याकडून..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी मोडलं का?"

भावोजींचा चेहरा बाईंना दिसत होता. भावोजींनी मान थोडी कलती केली, बाईंच्या दिशेने.

"वहिनी?"

"आहे मी," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून द्रवाची चिमुकली बाटली आणि ब्रश काढला. "द्या इकडे. आणि रांग मोडू नका कुणी, पाच मिनिटांत सुकतं."

भावोजींनी एक खुर्ची चाचपून पुढे ओढली आणि त्या टेलिफोनवाल्या बाईला बसायला दिली. "बसा. तोवर तुम्हाला चौदाव्या पायरीची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "त्यात आमच्या वहिनींनी काय केलं ते ऐका."